सुखेड-बोरीचा बार: ओढ्यावर भांडलेल्या त्या दोघी कोण?

नीराकाठ

सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, लोणंदच्या बाजूला सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत. मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही गावच्या बायका वाजतगाजत ओढ्यावर येतात, आपापल्या काठाला उभ्या राहतात आणि समोरच्या गावाला शिव्या देतात. पदर खोचून, हात नाचवून, घसा फुटेस्तोवर. दोन्हीकडं हलगी आणि ढोल चालूच असतो. मधे पोलीस आणि गावातली बापे मंडळी, कुणी ओढा ओलांडू नये म्हणून. तासाभरात सगळं आटोपतं आणि बायका आपापल्या घरी जातात. हाच बोरीचा बार.

माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं. बार पाहिलेला आहे आणि कथा लहानपणापासून ऐकलेली आहे. एका पाटलाच्या दोन बायका, एक बोरीला राहायची, दुसरी सुखेडला. दोघी एकदा ओढ्यावर समोरासमोर आल्या. शब्दानं शब्द वाढला, बाकीच्या बायका आपापल्या बाजूनं उतरल्या, आणि ते भांडण तेव्हापासून दरवर्षी होतं.

आता मला पडलेलं कोडं. आपल्या भागात मानापानाचे तंटे कुणी विसरत नाही. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, पालखीचा पहिला खांदा कुणाचा, हे पणज्याच्या वेळचं सुद्धा नावानिशी सांगतात. वतनाच्या वादात तर भावकीच्या सात पिढ्या तोंडपाठ. आणि या कथेत? पाटलाला नाव नाही. दोघींना नाव नाही. थोरली कोण, धाकटी कोण, पत्ता नाही. भांडण कशावरून झालं तेही नाही. जी गोष्ट गाव दरवर्षी आठवतं, तिच्यातलं एकही नाव टिकू नये हे मला पटत नाही.

तर त्या दोघी होत्या का? असल्या तर नावं कुणी पुसली? आणि नसल्या तर हे भांडण आलं कुठून? तुमच्या भागातली असली गावागावांतली खुन्नस माहीत असेल तर तीही लिहा. कदाचित त्यातून धागा लागेल.

---

माणदेशी

नावं पुसली असतील तर पाटलानंच पुसली असतील. दोन गावांत दोन संसार मांडून हा माणूस कथेत एकदाही ओढ्यावर येत नाही, हे बघा. भांडल्या त्या दोघी, बदनाम झाल्या त्या दोघी. मला तरी पहिला संशयित तोच वाटतो.

---

रानजाई

नीराकाठ, प्रश्न फार आवडला. मी लोकगीतं गोळा करते, म्हणून माझा तर्क सविस्तर लिहिते.

आधी तारीख बघा. श्रावण शुद्ध षष्ठी, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. पंचमी हा देशावर लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुलींना भाऊ न्यायला जातो, त्या माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, रात्री फेर धरतात, झिम्मा-फुगड्या खेळतात. म्हणजे वर्षभरात त्या एका दिवशी गावात सगळ्यात जास्त लेकी असतात आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारी सासू तिथं नसते. लेक ज्या मोकळेपणानं बोलते, तसं सून बोलत नाही. सुना बारात नसतात असं मी म्हणत नाही. पण आवाज चढवायला पुढाकार कुणी घेतला असेल, ते तारखेतच दिसतं.

दुसरी गोष्ट गाण्यांची. फेराच्या गाण्यांत सगळ्यात जास्त शिव्या कुणाला असतात? सासू, नणंद आणि सवत. सवत हे तर या गाण्यांतलं हुकमी पात्र. मंगळागौरीच्या खेळांत दोघींनी समोरासमोर उभं राहून कमरेवर हात ठेवून भांडायचे खेळ आहेत. जुन्या लग्नांत रुखवत आलं की दोन्हीकडच्या बायका गाण्यांतून एकमेकींची अब्रू काढायच्या, व्याह्याच्या मिशीपासून विहिणीच्या स्वयंपाकापर्यंत काही सोडायच्या नाहीत. त्यावर कुणी रुसायचं नसतं.

म्हणून मला वाटतं, क्रम उलटा असावा. भांडण आधी, कथा नंतर. दोन काठांवर दोन गावचे फेर चालले असणार, गाण्याला गाण्यानं उत्तर दिलं गेलं असणार आणि त्याचा बार झाला असणार. पुढं कुणीतरी विचारलं, ‘का गं भांडता?’ तेव्हा गाण्यातलीच सवत उचलून कथेत बसवली. गाण्यातल्या सवतीला नाव नसतंच, ती कुणाचीही असते. म्हणून कथेतही नावं नाहीत.

---

नीराकाठ

रानजाईताई, लेकींचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो अगदी बरोबर बसतो. ओढ्यावर जाण्याआधी बायका गावात फेर धरतात, फुगड्या खेळतात, हे मी स्वतः पाहिलंय. फेरातूनच उठून ओढ्याकडं निघतात.

पण एक शंका आहे. नुसतं गाण्याचं उत्तर-प्रत्युत्तर असतं तर ते गाणंच राहिलं असतं. तिथं आज गाणी ऐकू येत नाहीत, सरळ शिव्या असतात. आणि बार झाला नाही तर पाऊसपाण्याचं बिघडतं, गावावर काहीतरी येतं, अशी जुन्या माणसांची श्रद्धा आहे. खेळाला अशी भीती चिकटत नाही.

---

रानजाई

चिकटते. शिमग्याची बोंब मारली नाही तर घरात पीडा राहते म्हणतात ना? तीही शिव्यांचीच. शिवी देऊन वाईट बाहेर घालवायचं, ही समजूत आपल्याकडं जुनी आहे. आणि लोणंद-फलटणचा पट्टा पर्जन्यछायेतला. तिथं श्रावणात पाऊस धरेल की पाठ फिरवेल यावर बाजरी ठरते. अशा ठिकाणी श्रावणातला कुठलाही खेळ पावसाशी जोडला जाणारच.

---

सातपुडा

आमच्याकडची गोष्ट याच्या अगदी जवळची आहे, पण तिचं वळण वेगळं. पांढुर्णा आणि सावरगाव. मध्य प्रदेशात, पण भाषा मराठी, पोळाही आपलाच. मधे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडफेक होते. हीच गोटमार. झेंडा तोडून आणेल ते गाव जिंकलं, आणि झेंडा चंडी मातेच्या देवळात वाहायचा.

कथा तिथंही आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, दोघं पळून जाताना नदीत अडकले, दोन्हीकडून दगड आले. तिथंही नावं नाहीत! नीराकाठ, तुमचा प्रश्न वाचून मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं.

फरक एवढाच की आमच्याकडं दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. माणसं दगावलेली आहेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी पुन्हा दगड उचलले. मी लहानपणापासून गोटमारीच्या आवाजात वाढलोय, म्हणून तळमळीनं सांगतो, बोरी-सुखेडच्या बायकांनी जे सांभाळलंय त्याची किंमत मोठी आहे. दोन गावं, मधे पाणी, जुनं वैर, सगळं तेच. आणि तिथं वर्षानुवर्षं फक्त घसे बसतात.

---

माणदेशी

गोटमार पुरुषांची, बार बायकांचा. एवढं नोंदवून ठेवतो.

---

डर्बीकर

नोकरीमुळं मी इंग्लंडात डर्बीला असतो. इथून जवळच ॲशबर्न नावाचं छोटं गाव आहे. सातपुडा यांनी ‘दोन गावं, मधे पाणी’ लिहिलं आणि मी खुर्चीत सरळ झालो.

ॲशबर्नमधून हेनमोर नावाचा ओढा जातो. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले ते ‘अपर्ड’, दक्षिणेला जन्मलेले ते ‘डाउनर्ड’. राहता कुठं याला अर्थ नाही, जन्म कुठला ते बघतात. ईस्टरच्या आधीचा उपवास सुरू होताना, श्रोव्ह मंगळवारी आणि लगेच दुसऱ्या दिवशी, सबंध गाव एका चेंडूसाठी झुंजतं. दोन गोल एकमेकांपासून तीन मैलांवर, स्टर्स्टन आणि क्लिफ्टन इथल्या जुन्या गिरण्यांच्या जागी. दुपारी दोनला सुरू झालेला खेळ रात्री दहापर्यंत चालू शकतो. दुकानदार आदल्या दिवशी काचांवर फळ्या ठोकतात. चेंडू ओढ्यात पडला की माणसं त्याच्यामागे पाण्यात. तो तरंगावा म्हणून आत बुचाच्या लाकडाचा भुसा भरलेला असतो.

नियम वाचून मला फार मजा वाटली. चेंडू मोटारीतून न्यायचा नाही. कोटाखाली किंवा पिशवीत लपवायचा नाही. दफनभूमीत शिरायचं नाही. ज्या अर्थी नियम केलेत, त्या अर्थी हे सगळं कुणीतरी करून बसलेलं आहे. १९२८ मध्ये युवराजांनी, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डनी, चेंडू टाकून खेळ सुरू करून दिला. तेव्हापासून नावात ‘रॉयल’ आलं.

आणि मूळ कशात? तेही गूढच. १८९० च्या दशकात आग लागली आणि मंडळाची जुनी दप्तरं जळाली. आता ज्याला जे पटेल ते तो सांगतो. कुणी तर म्हणतात, पहिला चेंडू म्हणजे फाशी दिलेल्या माणसाचं मुंडकं होतं. इथं रानजाईंचाच तर्क लागू पडतो. खेळ आधी, कथा नंतर.

---

नीराकाठ

डर्बीकर, ‘राहता कुठं याला अर्थ नाही, जन्म कुठला ते बघतात’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बोरीची लेक सुखेडला दिली असेल तर तिनं कुठल्या काठाला उभं राहायचं? शेजारशेजारच्या गावांत सोयरिकी असायच्याच. म्हणजे काठावर उभी राहणारी बाई समोर बघते तेव्हा तिथं तिची मावशी असू शकते, चुलत बहीण असू शकते.

---

केजकर

काठाचा प्रश्न आमच्याकडं जावयाच्या रूपात येतो. हे प्रकरण खरोखरच गुप्तहेरीचं आहे, म्हणून जरा मोठं लिहितो.

बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. धुळवडीला गावच्या एका जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. गाढवाच्या गळ्यात चपलांचा हार, जावयाला रंग, पुढं वाजंत्री, मागं सगळं गाव. गावातल्या एका देशमुखांनी आपल्याच जावयापासून ही रीत सुरू केली असं सांगतात. नव्वदेक वर्षं तरी झाली. मिरवणूक गावातून फिरून मारुतीच्या देवळापाशी थांबते. तिथं जावयाला त्याच्या पसंतीचे कपडे करतात, मान देतात.

खरी गंमत आधीच्या तीन-चार दिवसांत. यंदाचा जावई कोण, हे शोधायचं असतं. नवा हवा, म्हणून गावच्या कुठल्या लेकीचं लग्न हल्ली झालं, तिचा नवरा सध्या कुठं आहे, याची चौकशी होते. आणि जावयांना हे सगळं माहीत असतं! होळी जवळ आली की विड्याचे जावई गायब. फोन बंद. कामाच्या ठिकाणी विचारावं तर ‘बाहेरगावी गेलेत’. गावची पोरं टोळ्या करून शोधायला निघतात. सापडला की त्याला गावात आणून पाहुणचार करतात आणि धुळवडीपर्यंत नजर ठेवतात, रात्रीतून पळू नये म्हणून.

नवऱ्याचा ठावठिकाणा कुणी सांगितला, हे घराघरांतलं सगळ्यात मोठं गुपित असतं. मेव्हणा? सासरे? की बायकोनंच माहेरच्या प्रेमापोटी? माझ्या ओळखीतला एक जावई पकडला गेला होता. खबर कुणी दिली ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

---

माणदेशी

केजकर, हे बरोबर नाही. अर्धं सांगून गप्प बसू नका.

---

केजकर

दादा, त्या घरी आमचं जेवणखाण आहे. नाही सांगायचो.

---

पाथर्डीचा_पाव्हणा

गावांची खुन्नस झाली, सासर-माहेराची झाली. आता देवाची ऐका. पाथर्डी तालुक्यात नांदूर निंबादैत्य हे गाव आहे. ग्रामदैवत कोण, तर दैत्य! आणि त्याचं वैर मारुतीशी. आख्खा महाराष्ट्र पालथा घाला, वेशीवर मारुती नाही असं गाव सापडणं कठीण. इथं मारुतीचं देऊळ नाही, पोराचं नाव मारुती ठेवत नाहीत, मारुती कंपनीची मोटार दारात उभी करत नाहीत. कुणा पाहुण्याचं नाव मारुती असलं तर गावात त्याला दुसऱ्या नावानं हाक मारतात.

कथा अशी की निंबादैत्य आणि मारुती यांची लढाई झाली. दैत्यही रामाचाच भक्त होता, म्हणून रामानं त्याला वर दिला की या गावात तुझीच पूजा होईल. इथं नावं सगळी आहेत, नीराकाठ! दैत्याचं, मारुतीचं, रामाचं. देवांच्या भांडणात नावं टिकतात, कारण देव कुणाच्या भावकीत नसतात. माणसांच्या भांडणात नाव टिकलं तर ते आजच्या कुणाच्या तरी घराला लागतं. तुमच्या दोघींची नावं याच कारणानं गेली असतील. गावानं ती जाणून विसरली असतील.

---

रानजाई

पाव्हणे, हा मुद्दा माझ्या तर्कापेक्षा चांगला आहे. दोघी खऱ्या असल्या तरी नावं का नाहीत, याचं उत्तर यात मिळतं. नाव कळलं असतं तर त्या घराण्याच्या लेकीसुनांना दर श्रावणात ओढ्यावर तोंड दाखवता आलं नसतं. बार मग दोन घरांचा तंटा झाला असता, दोन गावांचा राहिला नसता. आणि घरांचे तंटे शिव्यांवर थांबत नाहीत.

---

गुहागरची

कोकणातून थोडी भर. आमच्याकडे शिमग्यात होळीची लाकडं चोरायची मुभा असते. दाराची फळी, मोडकी खुर्ची, कुंपणाचा खांब, वाडीतली पोरं काय हाती लागेल ते उचलतात. म्हातारे रात्रभर खळ्यात बसून राखण करतात. पण वस्तू एकदा होळीत पडली की मागायची नाही आणि कुणी नेली ते विचारायचंही नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. पाव्हण्यांनी लिहिलंय तसंच, जाणून विसरायचं.

---

शहरातली_सून

माझा विरोधी सूर आहे, राग मानू नका. बायकांनी बायकांना शिव्या द्यायच्या, त्याही एका पुरुषाच्या दोन लग्नांवरून, आणि आजूबाजूला हजारो बघे. यात कौतुक कसलं? बघायला येणाऱ्यांना बायका भांडताना बघायची हौस असते, एवढंच मला दिसतं.

---

नीराकाठ

राग अजिबात नाही. बघ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, आणि ते दरवर्षी वाढतंय. पण काठावरच्या बायकांचे चेहरे जवळून बघाल तर राग सापडणार नाही. साठी उलटलेल्या म्हाताऱ्या दम लागेस्तोवर ओरडतात आणि मागं वळून पोट धरून हसतात. माझी मामी वर्षभर उंच आवाजात बोलत नाही. त्या दिवशी तिचा आवाज मी ओळखला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला बसलेल्या घशानं कुजबुजावं लागत होतं आणि ती इतकी खूश होती की काय सांगू.

सवतीची कथा पुरुषाची असेल. ओढ्यावरची दुपार मात्र त्या बायकांची आहे.

---

शहरातली_सून

मामींचं वाचून बरं वाटलं. तरी बघ्यांचं काहीतरी करा.

---

तरुण_लोणंदकर

माझ्याकडं गेल्या खेपेचं चित्रण आहे, आवाज स्वच्छ. कुठल्या काठानं काय शिव्या दिल्या ते शब्दशः उतरवून इथं टाकू का? संशोधनाला उपयोग होईल.

---

रानजाई

संशोधनाला झालाच तर होईल, पण कृपा करून टाकू नका. ओढ्यावर बोललेलं ओढ्यावर राहतं, याच भरवशावर त्या बोलतात. उद्या एखादीच्या मुलाच्या कंपनीत कुणी तिचा चेहरा फोनवर बघितला तर पुढच्या वर्षी ती येणार नाही. लिहून ठेवायचंच असेल तर गावात जा, म्हाताऱ्यांजवळ बसा, त्यांना विचारून लिहा, नावं गाळा. मी तशीच गाणी गोळा केली आहेत. वेळ लागतो, पण बायका मग आपण होऊन सांगतात.

---

तरुण_लोणंदकर

पटलं. चित्रण माझ्याजवळच ठेवतो. आमच्या आळीत सुखेडला दिलेली एक आजी आहेत, माहेर बोरीच. त्यांना विचारतो, त्या कुठल्या काठाला उभ्या राहायच्या.

---

नीराकाठ

हे मात्र नक्की विचारा! नुसता काठ नको, पंचमीला माहेरी गेल्यावर काय करायच्या तेही विचारा.

---

तरुण_लोणंदकर

विचारून आलो. आजी म्हणाल्या, ‘पंचमीला माहेरी आले तर बोरीकडनं, सासरी राहिले तर सुखेडकडनं. दोन्हीकडच्या शिव्या मला पाठ.’ मग त्या दोघी सवतींची नावं विचारली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, ‘चहा घेणार का?’

---

पाथर्डीचा_पाव्हणा

म्हणजे माहीत आहेत!

---

सातपुडा

या श्रावणात मी आणि घरचे यायचं म्हणतोय. कसं यायचं, कुठं उभं राहायचं?

---

नीराकाठ

लोणंदला रेल्वे आहे, पुणे-मिरज मार्गावर. तिथून पुढं गाडी करा. सकाळीच पोचा, दुपारी रस्ता भरतो. पाऊस असला तर काठाला चिखल होतो, चपला जुन्या घाला. पुरुषांनी मागं उभं राहायचं, फोन खिशात ठेवायचा. वहिनींना मात्र कुठल्यातरी एका काठाला सोडा, तिथल्या बायका त्यांना पुढं ओढून घेतील. काठ कुठला, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.